बसायचा खड्डा

शांतम्माच्या तोंडी लागायचं नाही, हे देवणीच्या अंगाच्या त्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. बाई लिंगायत वाण्याची. कपाळभर विभूती, गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी, आणि जीभ अशी की देवणीच्या बाजारात बैलाची किंमत पाडायला तिलाच न्यावं. नवरा लवकर गेला, दुकान दिरानं बळकावलं. "घेऊ दे की. मापात पाप करून त्याचं तरी कुठं भलं व्हायलंय," एवढं बोलून ती मोकळी झाली. पोरबाळ तिला नव्हतंच. तिच्या हाती कुणी आपलं लेकरू सांभाळायला देईल, असं एरवी कुणी म्हटलं असतं तर लोक हसले असते. पण बहात्तरचा दुष्काळ आला आणि हसायचं कुणाला सुचत नव्हतं.

त्या साली विहिरींनी तळ दाखवले. गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलावाचं सरकारी काम निघालं आणि सगळं गाव पाट्या घेऊन तिकडं लागलं. एरवी उंबऱ्याबाहेर पाऊल न टाकणाऱ्या बायकाही मातीच्या पाट्या वाहायला लागल्या. शांतम्मा दगड फोडायला गेली आणि सुरुवातीलाच हातावर दगड पडून दोन बोटं ठेचून घेतली. मुकादम संगप्पा तिच्याच भावकीतला. तिला कामावरून काढायचं त्याच्या जिवावर आलं.

"अम्मा, बाभळीखाली पोरं पडल्यात. तेवढी बघा," तो म्हणाला.

"पोरं बघायला मी काय सुईण हाय का रे?" असं म्हणत ती बाभळीखाली गेली आणि तिथलीच झाली.

तिथं काय होतं, तर बायांनी जुन्या लुगड्याचा एक पदर पोराच्या कमरेला आणि दुसरा बाभळीच्या मुळाला बांधून ठेवलेला. पोरं खणलेल्या चरात पडू नयेत म्हणून. शांतम्मानं आल्या आल्या सगळ्या गाठी सोडल्या. "शेळ्या हायत का ह्या?" मग तिनं दगडांचं मोठं रिंगण मांडलं आणि जो दगड ओलांडील त्याच्यावर ओरडायला सुरुवात केली, "कुंद्रु!" तिच्या घरी कानडी चालायची. कुंद्रु म्हणजे बस खाली. चार-आठ दिवसांत गावातल्या झाडून सगळ्या जातीच्या पोरांना एवढी कानडी यायला लागली. दुपारी सरकारी सुकडीचं गोड पीठ यायचं, ते ती पोरांच्या तळहातावर घालायची आणि हात चाटून झाल्याशिवाय कुणाला उठू द्यायची नाही.

पाटी वाहणाऱ्या बायांत एक सिंधु होती, मराठ्याची सून. दुपारी सगळ्या सावलीला टेकल्या की ही घराकडं धावत सुटायची. शांतम्मानं एकदा तिला अडवलं.

"घरी कोणता खजिना पुरलाय गं?"

"लेक हाय," सिंधु म्हणाली. "तिला बसता येत न्हाई."

पोरीचं नाव प्रयाग. चौथं लागलेलं. मान धरत नव्हती आणि पाय एकमेकांवर आढी घातल्यासारखे ताठ. माजघरात गोधडीवर पडून असायची. सिंधूची सासू चतुराबाई तिला चारचौघांत आणू द्यायची नाही. लोकांची तोंडं कुणी धरावीत, असं तिचं म्हणणं. पण कणगी रिकामी झाली तशी म्हातारीलाही पाटी उचलणं भाग पडलं, घरी पोरीजवळ बसायला कुणी उरलं नाही, आणि प्रयाग बाभळीखाली आली. दुष्काळानं काही गोष्टी नाइलाजानं सुधारल्या, त्यातली ही एक.

आली खरी, पण पडूनच. बाकीची पोरं तिला ओलांडून पळायची. शांतम्मानं तिला बाभळीला टेकवून बघितलं, ती घसरली. मांडीवर घेतली, तर तोवर दुसरी दोन पोरं रिंगणाबाहेर. "ही बसंना आन् ते थांबंनात," म्हणून तिनं दोघांनाही शिव्या घातल्या. प्रयाग शिव्या ऐकून हसली. पोरगी हसते, हे शांतम्माला तेव्हा कळलं, आणि त्यानं तिला उगीचच जास्त राग आला. हसणारं लेकरू मुंग्यांत पडून राहायचं म्हणजे काय.

पिण्याच्या पाण्याचा रांजण बाभळीपाशी अर्धा मातीत पुरलेला होता, कलंडू नये म्हणून. एक दिवस शांतम्मा त्याच्याकडं बघत बसली. मग तिनं खुरपं घेतलं आणि मुरमात खणायला लागली. पोरांना काय, माती उकरायला मिळाली की झालं. खड्डा पोरीच्या छातीएवढा, आत बुड टेकायला पायरी, पाय सोडायला जागा. चहूबाजूंनी तिनं पोती आणि चिंध्या ठासल्या आणि प्रयागला त्यात उतरवलं.

प्रयाग बसली. हनुवटी काठावरच्या पोत्यावर टेकली, मान डुलली, पुन्हा वर आली. दोन्ही हात काठावर, आणि भोवती जमिनीवर बसलेल्या पोरांची तोंडं बरोब्बर तिच्या तोंडासमोर. एका पोरानं तिच्यापुढं खडा ठेवला. तिनं हातानं फटकारून तो उडवला. पोरानं तो पळत जाऊन आणून पुन्हा ठेवला. तो खेळ दुपारभर चालला.

सिंधु पाटी डोक्यावर घेऊन जात होती, ती तशीच उभी राहिली. रडली वगैरे नाही. शांतम्माला म्हणाली, "हिची वेणी घालावी लागंल." आडव्या पडलेल्या पोरीची वेणी घालायचं तिला आजवर कधी सुचलंच नव्हतं.

पण चतुराबाईनं ते बघितलं तेव्हा तिला निराळंच काही दिसलं. तिचं माहेर भालकीकडचं. त्या बाजूला ग्रहण लागलं की पांगळ्या पोरांना गळ्यापर्यंत मातीत पुरतात. ग्रहण सुटलं की बाहेर काढायचं, धरणीमाय पाय देते म्हणून. खड्डा बघितल्याबरोबर म्हातारीचं डोकं तिथं गेलं.

"शांते, मातीचा इलाज हाय न्हवं ह्यो? पाय येत्याल न्हवं?"

खरं उत्तर शांतम्माच्या ओठावर होतं, तेही चांगलं खरमरीत. पण म्हातारीच्या पाठीमागं प्रयाग दिसत होती, वेणी घातलेली. नुसतं बसायला म्हणून घराण्यातली पोर मातीत घातली, हे चतुराबाईनं एक दिवसही चालू दिलं नसतं. इलाज म्हणून मात्र तिनं पोरीला उभ्या गावादेखत पुरलं असतं. नाही म्हणावं तर पोरगी उद्या पुन्हा माजघरात.

"हाव," शांतम्मा म्हणाली.

एवढं तोकडं उत्तर तिनं कधी कुणाला दिलं नव्हतं. मग काय, चतुराबाई रोज येता-जाता खड्ड्यात माती लोटून घट्ट दाबायची, काठावर हळद-कुंकू वाहायची. तिची पाठ वळली की शांतम्मा ती माती उपसून टाकायची. असं ते दुष्काळभर चाललं. दोघींपैकी एकीलाही दुसरीचा कंटाळा आला नाही.

पुढच्या सालात पाऊस पडला. तलावाचं काम थांबलं, लोक आपापल्या रानात गेले, बाभळीखालचा खड्डा गाळानं भरला. प्रयागला पाय आले नव्हते. शांतम्मा तिला बघायला दोनदा दारापर्यंत गेली. चतुराबाईनं आत घेतलं नाही. "इलाज अर्धवट ऱ्हायला. आता गिराणाची वाट बघायची," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं. तसलं मोठं गिराण, म्हणजे ग्रहण, यायला कितीतरी वर्षं गेली. तेवढी वर्षं पोरगी माजघरात गोधडीवर पडून राहिली. शांतम्मा त्या घरावरून जायचं टाळायला लागली, लांबच्या वाटेनं पाण्याला जायला लागली. लोकांना वाटलं, म्हातारपणी बाईला फिरायची हौस आली.

ऐंशी सालच्या फेब्रुवारीत ते आलं. सूर्याकडं बघू नका म्हणून रेडिओ सांगत होता. भरदुपारी गावानं दारं लावून घेतली. पाण्यात, पिठात दर्भ टाकले. शांतम्मा तेवढी ओसरीवर भाकरी खात बसलेली. "लिंगवाल्याला कसलं सूतक," हे ती दर ग्रहणाला सांगायची. तेवढ्यात सिंधु धावत आली.

"अम्मा, सासूबाई प्रयागला घिऊन रानात गेल्यात. खड्डा कालच खणून ठिवला होता."

शांतम्मा भाकरी टाकून उठली. रानात जाऊन बघते तर पोरीचं नुसतं डोकं जमिनीवर. भोवती माती चोपून बसवलेली, हातसुद्धा आत. चतुराबाई बाजूला नारळ घेऊन बसलेली.

"काढ तिला भाईर," शांतम्मा म्हणाली.

"काढू?" म्हातारी शांतपणे म्हणाली. "तुलाच इचारलं होतं मी. हाव म्हणलीस की."

ऊन मळकट होत चाललं होतं. पाखरं झाडाकडं परतली. शांतम्मा मातीत बसली आणि पोरीच्या डोक्यावर पदर धरला. प्रयागला बोलायला वेळ लागायचा, शब्द तोंडात अडकायचे. तरी ती एक शब्द बोलली, "हात." शांतम्मानं ठेचलेल्या बोटांनीच माती उकरली आणि तिचे हात मोकळे केले. चतुराबाईनं अडवलं नाही. ग्रहण सुटेपर्यंत ते हात शांतम्माच्या हातात होते. मग पोरीला वर काढलं. पाय होते तसेच होते. चतुराबाईनं नारळ फोडला नाही, तसाच घरी नेला.

परतताना शांतम्मानं सिंधूला सगळं सांगून टाकलं. ते खोटं होतं, मला ठाऊक होतं, माझ्यामुळं पोर एवढी वर्षं कोंडली गेली.

"मला ठावं होतं अम्मा," सिंधु म्हणाली. "तुमी न्हाई म्हणला असता, तर मीच हाव म्हणले असते."

ह्यानं शांतम्माचं ओझं उतरावं, तर ते आणखी जड झालं.

त्यानंतर चतुराबाई शांतम्माशी बोलली नाही, पण पोरीला अडवायचीही नाही. इलाज संपला तशी आशा संपली, आणि आशेबरोबर पहाराही उठला.

ब्याऐंशीत उस्मानाबाद तोडून लातूर जिल्हा झाला. पाट्या रंगवल्या, जीपगाड्यांची धूळ उडाली. त्या साली पावसानं ओढ दिली, तर लोक म्हणाले, जिल्हा नवा आला पण ढग जुनेच ठेवलेत. त्याच धामधुमीत गावात अंगणवाडी आली. सेविका शिवकांता, उदगीरहून शिकून आलेली पोरगी. मदतनीस म्हणून शांतम्मा. प्रयागला सिंधु रोज पाठीवर घेऊन यायची, शांतम्मा तिला भिंतीच्या कोपऱ्यात दोन भुशाच्या पोत्यांमध्ये बसवायची. फाटकाकडं निघालेल्या पोराला प्रयाग तिथूनच हाळी द्यायची, "कुं-द्रु!"

"हिचं वय अंगणवाडीत बसत नाही हो," शिवकांता सुरुवातीला म्हणाली होती.

"वय ऱ्हाऊ दे भाईर. ती बसती की," शांतम्मा म्हणाली. शिवकांता हसली आणि तो विषय तिथंच संपला.

एका सकाळी रत्नम्मा आली, देगलूरकडून नांदायला आलेली नवी सून. खांद्यावर पोरगा, विरूपाक्ष. मान धरत नव्हता. शांतम्मानं त्याला उलटासुलटा करून बघितलं आणि खुरपं काढलं. शिवकांतानं माती ओढली. अंगणात, पोरांच्या मधोमध खड्डा झाला. पोती ठासली.

रत्नम्मा बघत होती. "अम्मा," तिनं हळूच विचारलं, "ह्यानं पाय येतील न्हवं?"

तोच प्रश्न. आणि 'हाव' म्हणणं किती सोपं. पोरगा लगेच खड्ड्यात बसला असता.

"न्हाई," शांतम्मा म्हणाली. "पाय येणार न्हाईत. खड्डा नुसता बसायसाठी हाय."

रत्नम्माचा चेहरा उतरला. "मग लेकराला मातीत कशाला घालायचं? घरी गादीवर बरा हाय की," म्हणत तिनं पोराला उचललं आणि फाटकाकडं निघाली.

शांतम्माला खऱ्याचा पश्चात्ताप झाला, सरळ सरळ झाला. मरू दे ते खरं, त्यापेक्षा खोटं बरं होतं, असं तिच्या मनात आलं.

"घरी," कोपऱ्यातून आवाज आला. प्रयाग शब्द जुळवत होती. "घरी नुसते... पाय दिसत्यात."

रत्नम्मा वळली. तिला काही कळलं नाही.

"पडून ऱ्हायलं की... लोकांचे पाय दिसत्यात," प्रयाग म्हणाली. "खड्ड्यात... तोंडं दिसली."

रत्नम्मानं खांद्यावरच्या पोराकडं बघितलं. त्याचं तोंड तिच्या पाठीकडं होतं.

ती परत आली. शांतम्मानं हात पुढं केले, पण तिनं पोराला दिलं नाही. स्वतःच गुडघ्यावर बसून त्याला खड्ड्यात उतरवलं, मानेखाली पोतं सारखं केलं, आणि त्याला आपलं तोंड दिसावं म्हणून समोर मातीत बसली.