उत्तरेचा उजेड

बेळगावच्या वडगाव भागातल्या विणकर गल्लीत शिरलं की आधी खळीचा वास येतो. सुताला ताठपणा यावा म्हणून लावलेली खळ उन्हात वाळत असते. पेजेसारखा, किंचित आंबूस असा तो वास यंत्रमागांच्या खडखडाटातही आपली वाट काढत येतो. गेले काही दिवस मी रोज तिथे जातो आहे. गल्लीच्या टोकाला मागांची एक नवी शेड उभी राहते आहे. भिंती वर आल्या आहेत, छप्पर व्हायचं आहे. ज्याने ती कागदावर काढली तो माझा मित्र गेल्या पावसाळ्यात गेला. साधा वाटलेला ताप, आणि मग काहीच साधं राहिलं नाही.

बेळगावात आम्ही स्थापत्य अभियांत्रिकी शिकलो. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प दोघांनी मिळून केला. मी निपाणीकडचा, जैन शेतकऱ्याच्या घरातला. तो विणकराचा मुलगा. विषय त्यानेच निवडला होता: दिवसा दिवा न लावता विणता येईल अशी शेड. त्याचे वडील, ज्यांना मीही आप्पाच म्हणायचो, सुताचा रंग जुळवायचा असला की माग थांबवून दारात यायचे. दिव्याखाली दोन जांभळे रंग एकच दिसतात, दारातल्या उजेडात आणले की वेगळे होतात. आप्पांची ती दारापर्यंतची फेरी मित्राला लहानपणापासून खुपत होती. त्याने करवतीच्या दात्यांसारखं छप्पर काढलं. प्रत्येक दात्याची उभी बाजू काचेची, आणि सगळ्या काचा उत्तरेला. सूर्य दक्षिणेकडून जातो, उत्तरेकडून फक्त उजेड येतो, ऊन येत नाही, असं आमच्या सगळ्या पुस्तकांत होतं.

पण ती पुस्तकं आमच्या गावच्या सूर्यासाठी लिहिलेली नव्हती. आमच्या घरात अंथऊ पाळतात, म्हणजे संध्याकाळचं जेवण सूर्यास्ताच्या आत. त्यामुळे सूर्य कुठे टेकला हे पाहण्याची सवय मला अक्षरओळखीच्या आधीची. तंबाखूच्या शेताच्या बांधावरून मावळतीकडे पाहिलं तर थंडीत तो डाव्या हाताच्या टेकडीमागे जायचा, आणि वैशाख लागेपर्यंत सरकत सरकत पार उजवीकडे, उत्तरेच्या अंगाला पोचायचा. प्रकल्पाच्या त्या वर्षी मी संध्याकाळी मित्राच्याच घरी जेवायचो. त्याची आई दिवस कलायच्या आत माझं ताट वाढायची. असाच एकदा ताटावर बसून मी म्हणालो, "उन्हाळ्यात ऊन या काचांतून आत येणार बघ. संध्याकाळी तर थेट माग चालवणाऱ्याच्या डोळ्यांत."

"तुझ्या जेवणाच्या वेळा बघून शेड बांधायची व्हय रं?" तो हसत म्हणाला.

"त्याला आधी जेवू दे. मग भांडा," त्याची आई आतून म्हणाली.

छोटी प्रतिकृती करून आम्ही गच्चीवर ठेवली तो पौष महिना होता. आत सायीसारखा एकसंध उजेड पसरला होता, उन्हाची तिरीपसुद्धा नव्हती. त्याने नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, वैशाखात बघू. वैशाखाआधी प्रकल्प देऊन झाला. परीक्षकांनी छपराचं कौतुक केलं आणि सूर्याबद्दल कुणी काही विचारलं नाही. पुढे नोकऱ्या लागल्या, गावं बदलली, पण दर उन्हाळ्यात त्याचा फोन यायचा. "काय जैनांचं पोर, आज कुठं मावळला रं?" एवढंच विचारायचा आणि हसायचा. हा उन्हाळा फोनशिवाय गेला.

उन्हाळा संपता संपता आप्पा माझ्याकडे आले. हातात प्रकल्पाच्या नकाशांची गुंडाळी होती. "शेड बांधायची. त्यानं काढलीया तशीच. एक रेघ बी हलवायची न्हाय," ते म्हणाले. मी मान डोलावली. त्या वेळी दुसरं काही करता आलं नसतं. मुलाने मागे ठेवलेली एवढी एकच गोष्ट त्यांच्याकडे अखंड उरली होती. तिच्यावर बोट ठेवणारा मी कोण? पण गप्प राहिलो तर दर उन्हाळ्यात तिन्हीसांजेला त्याच काचांतून ऊन त्यांच्या डोळ्यांत शिरणार होतं. भिंती चढत गेल्या तसा तो विचार जड होत गेला. छपराचं लोखंड मागवायची वेळ आली तेव्हा मी बोललो.

"आप्पा, काचेच्या बाहेरून उभ्या पट्ट्या लावाव्या लागतील. न्हायतर उन्हाळ्यात ऊन आत येणार."

ते भिंतीकडे बघत राहिले. "त्यो न्हाय म्हणून आता चूक काढतोस?"

"तो होता तेव्हाच काढलेली. तुमच्याच घरात, ताटावर बसून."

"मग काय म्हणाला?"

"हसला."

आप्पा म्हणाले, "माझं तरी कुठं ऐकायचा." आणि वाळूच्या ढिगाला वळसा घालून परत आल्यावर, "लाव पट्ट्या. पन त्यास्नी रंग येगळा दे. त्याचं कुठलं अन् तुझं कुठलं, मला खालनं दिसाय पायजे."

गेलेल्या माणसाचं सगळंच बरोबर होतं असं ठरवून टाकण्याची आपल्याला घाई होते. ते सोपं असतं, आणि त्यात प्रेम असल्यासारखं वाटतं. पण माझा मित्र सगळं निमूट पटवून घेणारा माणूस नव्हता. तो वाद घालणारा, हसणारा, न ऐकणारा माणूस होता. त्याची चूक झाकून मी एक नकाशा जपला असता, आणि मित्र मात्र माझ्या हातून निसटला असता. एका विणकर बापाला हे माझ्या आधी कळलं असेल, किंवा त्यांना फक्त दोन रंग वेगळे बघायचे असतील. मी विचारलं नाही.

काल पट्ट्यांचा रंग आणायला गेलो होतो. छपराला मिळता देऊ का, असं दुकानदाराने विचारलं. मी नको म्हणालो.