उन्हातली नाचण

आमच्या ह्यांना अर्धी डोंबिवली 'नाचणवाले सहदेवराव' म्हणायची. तोंडावर हसून, पाठीमागे खिदळून. नाचण म्हणजे चिमणीएवढं काळसर पाखरू. डोळ्यावर पांढरी भुवई, आणि शेपटी पंख्यासारखी उघडून फांदीवर नुसत्या गिरक्या. त्या पाखरापायी माझा नवरा सहा वर्षं पहाटे उठून शेजारच्या ठमाबाईच्या वाडीत जाऊन बसायचा. पोटाला कल्याणच्या एका फोटो स्टुडिओत नोकरी. निगेटिव्हच्या काचेवर बारीक पेन्सिल चालवून लोकांचे देवीचे व्रण बुजवायचे, सावळ्या नवऱ्या गोऱ्या करायच्या. घरी आले की वही.

वहीत काय होतं ते मला तोंडपाठ आहे, न होऊन सांगतं कोणाला! घरटं वाटीएवढं, गवताच्या काड्यांचं, वरून कोळ्याच्या जाळ्याने लिंपलेलं. अंडी तीन. नर-मादी दोघं आळीपाळीने बसतात, आणि दिसायला इतकी सारखी की आत्ता कोण बसलंय ते देवच जाणे. तेराव्या दिवशी पिलं. कावळा फिरकला तर एवढंसं पाखरू त्याच्या डोक्यावर टोचा मारत त्याला वाडीबाहेर काढतं.

आम्हाला मूलबाळ नव्हतं. मग आळीतल्या बायकांच्या जिभेला हाड कुठलं? "घरात पाळणा हलेना, आणि हा पाखरांची बाळंतपणं काढतोय." माझ्या अंगाची लाही लाही व्हायची. ह्यांना सांगितलं तर म्हणायचे, "बोलू दे गं." एकदा तरी ह्या माणसाचं नाव कुठेतरी छापून यावं आणि ह्या बायांची तोंडं बंद व्हावीत, एवढंच मी देवाकडे मागत होते.

चोपन्न साली ह्यांनी मुंबईच्या एका मासिकाला लेख पाठवला. संपादकांचं उत्तर आलं. लेख उत्तम आहे, पण घरट्यावरचा एक फोटो हवा, त्याशिवाय छापता येणार नाही. त्या दिवशी लग्नानंतर पहिल्यांदा ह्यांना शीळ घालताना ऐकलं.

वैशाखात ठमाबाईच्या विहिरीजवळच्या लिंबोणीत घरटं होतं. त्यात तीन पिलं, डोळे नुकते उघडलेली. स्टुडिओच्या मालकांनी सुट्टीच्या दिवसापुरता जुना कॅमेरा आणि चार काचा दिल्या. मी डबा घेऊन गेलेले. लिंबोणी दाट, आत काळोख. "ह्यात काही उठणार नाही," हे म्हणाले. मग स्टुडिओत रोज करतात तेच केलं, चेहऱ्यावर उजेड घेतला. घरट्यावरच्या पानांच्या फांद्या सुतळीने मागे बांधल्या, समोर माझी पांढरी चादर ताणली. "दहा मिनिटांचं काम, लगेच सोडतो."

दहा मिनिटं कसली! चादरीला बुजून पाखरं जवळच येईनात. ऊन डोक्यावर चढलं. शेवटी एक आलं, घरट्याच्या काठावर बसलं, आणि दोन्ही पंख पसरून, चोच वासून तसंच उभं राहिलं. ह्यांनी कॅमेऱ्याचा रबरी फुगा दाबला. फोटो झाला. तिथेच थांबायला हवं होतं. पण मीच म्हटलं, "अहो, भरवताना पण एक घ्या ना." हो, मीच म्हटलं.

काठी टेकत ठमाबाई आली. "अरे सहदेवा, डोकं फिरलं का तुझं? ऊन बघ की! भाजतील ना ती पोरं!"

ह्यांनी धावत जाऊन सुतळी तोडली. दोन पिलं मान टाकून पडली होती. तिसरं संध्याकाळपर्यंत टिकलं. त्यानंतरही पाखरं चोचीत माशी धरून येतच होती, घरट्याशी थांबून परत जात होती. हे मातीत बसून ते बघत होते. मी हाताला धरून उठवलं तेव्हा उठले.

फोटो मात्र असा उठला की मालकांनीही तोंडात बोट घातलं. ह्यांनी सोबत चिठ्ठी लिहिली आणि कामावर जाताना पाकीट माझ्याकडे दिलं, टपालात टाकायला. मी उघडलं. लिहिलं होतं, "ही ह्या पाखराची रीत नव्हे. सावली मी काढून घेतली, म्हणून ते पंख पसरून उभं राहिलं. पिलं माझ्यामुळे मेली. छापायचं तर हे लिहून छापा."

मी चिठ्ठीचे तुकडे केले आणि नुसता फोटो पाठवला.

श्रावणात मासिक आलं. फोटोखाली ह्यांचं नाव, आणि मोठ्या अक्षरांत, 'धन्य ती माता! पिलांवर पंखांचं छत्र धरण्याची नाचण पक्षिणीची नेहमीची रीत.' त्याच बायका बघायला आल्या. "बाई, जीव लावावा तर असा!" मी शिरा केला, सगळ्यांना वाटला. हे संध्याकाळी आले, पान वाचलं.

"चिठ्ठी होती पाकिटात."

"मी फाडली," मी म्हटलं. "सहा वर्षं लोक हसले तुम्हाला. मला नाही सहन होत."

ओरडले असते, दोन थोबाडीत दिल्या असत्या, तरी चाललं असतं. ह्यांनी मासिक मिटून ठेवलं. रात्रीच संपादकांना पुन्हा सगळं खरं लिहिलं आणि स्वतः जाऊन टाकून आले. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. 'आपला विनय पोचला. वाचकांना चित्र फार आवडले आहे, खुलासा छापून त्यांचा विरस करू नये असे वाटते. असेच आणखी पाठवा.'

ह्यांनी ते वाचलं, घडी केली. त्या दिवसापासून वही उघडली नाही की वाडीत पाऊल टाकलं नाही. मी माफी मागितली, पाया पडले, रडले. "तुझं काही चुकलं नाही गं," म्हणायचे. ते ऐकलं की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

पुढच्या वैशाखात त्याच लिंबोणीत नाचणीनं पुन्हा घर केलं. मला राहवेना. धावत येऊन सांगितलं, "अहो, आली बरं का! अंडी आहेत तीन!"

हे उठून दारापर्यंत गेले, तिथूनच परत फिरले.

"मला सांगत जाऊ नकोस," हे म्हणाले. "सांगितलंस तर मला राहवणार नाही, मी बघायला जाईन."