बारा किलोची घोषणा

घणसोली गावात माझं मेडिकल आहे आणि आवाज मला नाटकातल्या राजाचा मिळालाय. नाटकवाल्यांनी तो कधी घेतला नाही, म्हणून मी काउंटरवर वापरायचो. लहान मुलांचं पातळ औषध वजनावर ठरतं. मूल काट्यावर उभं राहिलं की मी आकडा पुकारायचो, "बारा किलो! पैलवान आल्या हो, पैलवान!" गिऱ्हाइकं हसायची. मी आणखी फुलायचो.

ही पैलवान दोन वर्षांची, मागच्या गल्लीतल्या आजींची नात. आजींनी तिला झटकन उचलून पदराखाली घेतलं.

"हलू बोल रं दादा. चार मानसा बगतान."

"आजी, बारा किलोला कोण खातंय?" मी म्हणालो. पुन्हा हशा.

महिन्याभरात नातीचा कान ठणकायला लागला. डॉक्टरांचा वजनकाटा बिघडलेला. त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं, किलोमागे वीस मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, वजन करून द्या. नात तापाने झोपलेली, म्हणून आजी एकट्याच आल्या. मी वजन विचारलं. त्यांनी मागे उभ्या असलेल्या दोन बायकांकडे पाहिलं.

"आट किलो."

बारा पुकारणारा मीच. पण पुकारलेला आकडा पुकारणाऱ्याच्या लक्षात राहत नाही, ऐकणाऱ्याच्या राहतो. मी बोटं नाचवत हिशेब केला: आठ गुणिले वीस, एकशे साठ. पाच मिलीत दोनशे मिलिग्रॅम, म्हणजे चार मिली. मापाच्या झाकणावर पेनाने रेघही मारून दिली, मोठ्या झोकात. द्यायला हवं होतं सहा. गणितात कुठेही चूक नव्हती.

औषध संपलं आणि कान वाहायला लागला. पडदा फाटला होता. पोरीची आई रिकामी बाटली घेऊन दुकानात आली.

"बारा किलोच्या पोरीला चार मिली?"

"आजींनी आठ सांगितलं, ताई."

आजी पायरीवर उभ्या होत्या. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तूच बोंबलतोस ना बाजारभर. दिष्ट लागंल म्हनून कमी सांगितला."

कमी औषधानेच झालं का, ते डॉक्टर ठामपणे सांगत नाहीत. मी दोनदा विचारलं, मग सोडून दिलं. खरं तर तिसऱ्यांदा विचारलं असतं आणि ते 'हो' म्हणाले असते तर?

आता मी प्रत्येक मुलाला काट्यावर उभं करतो, आकडा कागदावर लिहितो आणि कागद गुपचूप आईपुढे सरकवतो. कोणी हसत नाही. दुकान अगदी शहाण्यासारखं चालतं.

नात आता पाच वर्षांची आहे. आजीबरोबर आली की खोकल्याच्या गोळ्यांच्या बरणीकडे बोट दाखवते. परवा मी हळूच विचारलं, "कुठली देऊ गं, लाल की हिरवी?" ती बरणीकडेच बघत राहिली. मी पुन्हा विचारलं, तेवढ्याच हळू.

आजी म्हणाल्या, "मोट्यानं बोल रं दादा. त्या कानानं तिला आयकू नाय येत."