धुऱ्यावर बसलेले बाबा

माझ्या बाबांचा फोटो नाही. आहे ते एक शाईचं चित्र. मी आईच्या पोटात असताना एक मोठे चित्रकार पोंभुर्ण्याच्या जंगलात हिंडायला आले होते. रोवणीच्या दिवसांत ते आमच्या धानाच्या बांधीपाशी थांबले, बाबांना धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसवलं, बसल्या बसल्या चित्र काढलं आणि आईच्या हातात दिलं. त्याच हिवाळ्यात बाबा तापानं गेले.

घरी येणारा प्रत्येक जण चित्राकडे आणि माझ्याकडे बघून म्हणे, "बापावरच गेला पोट्टा." मीही आरशात बघायचो. तेच लांब नाक, तीच रुंद हनुवटी. बाप न पाहिलेल्या पोराला तेवढं पुष्कळ होतं.

यंदा पेपरात वाचलं, त्या चित्रकारांच्या जंगलातल्या चित्रांचं प्रदर्शन नागपुरात भरणार आहे. मीच तिथे फोन केला. आ बैल मुझे मार, दुसरं काय. चित्रावर सही नव्हती. कुणा जाणत्यानं एकदा खरं म्हटलं की बाबाही पक्के झाले, अशी माझी हाव.

पारखायला एक मॅडम आल्या. त्यांनी फ्रेम उलटी केली. मागचे खिळे नुसत्या बोटांनी निघाले. भिंग लावून त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"कागद त्यांच्याच वहीतला वाटतो," त्या म्हणाल्या. "पण रेषा त्यांची नाही. त्यांचा हात कुठे अडत नसे. ही रेषा थांबते, थरथरते. शाईही अलीकडची आहे. नक्कल असावी."

नक्कल. आमच्याच घरचा चहा पीत बाई हे बोलत होत्या, आणि मला त्यांच्या हातातला कप हिसकावून घ्यावासा वाटला. नक्कल असेल तर हा धुऱ्यावरचा माणूस कोण? मी जन्मभर कुणाला बाबा म्हणत आलो?

राग निघाला आईवर. "खरं सांग, कुठून आणलं हे?"

आई सुपात तांदूळ निवडत होती. "त्या साहेबानंच देल्लं. नक्कल काऊन राहीन? मीच तं दर दिवाळीले गिरवलं त्याले."

मॅडमनी कप खाली ठेवला.

"शाई उडून जाये," आई म्हणाली. "भितीले चुना झाला का मंग पेन फिरवायचा त्याच्यावरून. मारुतीले शेंदूर चढवत नाई का आपण?"

माझी आई अंगठा लावते. चुन्याच्या वेळी ती चित्र उतरवते हे मला माहीत होतं. काच पुसत असेल, असं वाटायचं.

मॅडमनी टॉर्च तिरपा धरला आणि पुन्हा भिंग लावलं. शेवटी त्यांनी मला जवळ बोलावलं. काळ्या रेषांच्या खाली फिकट, तपकिरी रेषा होत्या, एका दमात ओढलेल्या. "हे त्यांचंच," त्या म्हणाल्या. "चित्र खरं आहे."

तेवढ्यात मला ते दिसलं. खालचं नाक आखूड होतं, जरा बसकं. हनुवटी निमुळती. लांब नाक आणि रुंद हनुवटी फक्त वरच्या शाईत होती.

"आई, हे नाक असं कसं?"

तिचा हात सुपात थांबला. "जुनी रेघ दिसे नाई रे. त्याचं तोंड बी याद राह्यलं नाई मले. मंग तुह्याकडे पाहून काढलं. तूच तं होता त्याचा."

मला तिच्यावर रागावता येईना. भिंगाखाली बसक्या नाकाचा एक तरुण माणूस बसला होता. मी त्याला कधीच पाहिलं नव्हतं.

"यंदा गिरवू का नको मंग?" आईनं हळूच विचारलं.

"राहू दे," मी म्हणालो. "आधी मले पाहू दे त्याईले."