ताईच्या नंबर प्लेटचा दिवा

सोल्डरचा वास आला की कोन गावातल्या आमच्या घराचं अंगण आठवतं. ताईने मोटरसायकलची नंबर प्लेट मागून काढून चाकाच्या बाजूला बसवली होती. "अंधारात नंबर दिसला न्हाय तर पोलीस धरतील. होती तिथंच लाव," बाबा चिडले. ताईने प्लेट तिथेच ठेवून तिच्यावर छोटा दिवा बसवला आणि त्याची वायर सोल्डर वितळवून जोडली, पण तो फक्त ब्रेक दाबल्यावर लागायचा. असं का, म्हणून बाबाच उकिडवे बसले आणि पायाचा ब्रेक हाताने दाबदाबून बघू लागले. "अगं, ही ब्रेकलाइटची वायर हाय. टेललाइटची घे." या वेळी दिवा लागला तो लागलेलाच राहिला. "चल, चक्कर मारू," म्हणत बाबा मागे बसले आणि वाकून दिवा बघत गेले. ताईच्या गाडीवर ते पहिल्यांदाच बसले होते, हे आत्ता लिहिताना माझ्या लक्षात येतंय.