नदीची खबर ठेवणाऱ्या चांगुणाबाई

हजेरी लावण्याआधी चांगुणाबाई नदीत उतरायच्या. काष्टा खोचून गुडघाभर पाण्यात जायच्या, तळाचे पाच-सहा दगड उचलून उलटे करून बघायच्या आणि होते तसे परत ठेवायच्या. "कोनाच्या घराचं छप्पर काडलं, तर परत घालाया नको?" असं वर विचारायच्या.

शहापूरजवळच्या आमच्या सांडपाणी केंद्रात त्या गाळ वाळवायच्या वाफ्यांवर रोजंदारीला होत्या. राहायच्या खर्डीकडच्या एका वाडीत. मी मुरबाडचा, एम.एस्सी. होऊन तिथे केमिस्ट म्हणून लागलेलो. शुद्ध झालेलं पाणी नदीत सोडतात तिथला नमुना रोज तपासून अहवाल लिहिणं माझं काम. पण मोठे साहेब आले की अहवालावर सही करता करता खिडकीतून हाक मारायचे, "काय मावशी, नदी काय म्हणते?" आणि त्या हात न थांबवता सांगायच्या, "बरी हाय. तीन शेपट्यांचे किडे हायेत दगडाखाली. ते घान पान्यात ऱ्हात नाय."

साहेब हसायचे, मान डोलवायचे. दोन दिवस खपून काढलेल्या माझ्या आकड्यांना त्यांनी कधी मान डोलवली नव्हती.

एका सकाळी त्या ओल्या पायांनी प्रयोगशाळेच्या दारात आल्या. "भाऊ, आपल्या पाइपाच्या खालच्या अंगाला दगड रिकामे हायेत. एक किडा नाय. सायबाला फोन लावा."

माझा त्या दिवसाचा नमुना स्वच्छ होता. मी कागद दाखवला. त्या म्हणाल्या, "तुमचा कागद खोटा नाय. पन तुमी पाइपाच्या तोंडाचं पानी घेता. नदी फुडं बी हाय ना."

"सांगतो साहेबांना," मी म्हणालो. सांगितलं नाही. पुन्हा त्यांचंच कौतुक होणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

चौथ्या दिवशी नदीत मासे पालथे तरंगू लागले. चांगुणाबाईंच्या वाडीतल्या बायका त्याच पाण्यात मासे धरायच्या. त्या बायका रिकाम्या टोपल्या घेऊन काठावर उभ्या होत्या. साहेब धावत आले. चांगुणाबाईंनी त्यांना करवंदीच्या जाळीतून नेऊन नाला दाखवला. केंद्राकडे येणाऱ्या गटाराचं एक चेंबर फुटून गावाचं मैलापाणी त्या नाल्यातून, आमच्या पाइपाच्या खालच्या अंगाला, परस्पर नदीला मिळत होतं.

"मावशी, तुम्हाला तर रोज कळतं. आधी का नाही बोललात?" साहेब चिडून म्हणाले.

मी बाजूलाच उभा होतो. चांगुणाबाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "ध्यानात नाय आलं, सायेब. चुकलं माजं."

चेंबर दुरुस्त झालं. मी नाल्याच्या खालच्या अंगाचा नमुनाही घेऊ लागलो आणि त्याबद्दल साहेबांनी माझी पाठ थोपटली. वाफ्यावर फावडं चालवत चांगुणाबाई तिकडे बघत होत्या.

पुढे दोन वर्षांनी त्यांचे गुडघे गेले. टोकावड्याला लेकीकडे राहायला निघाल्या, तेव्हा एसटी स्टँडवर सोडायला मीच गेलो. गाडीची वाट बघताना मला राहवलं नाही. "मावशी, त्या दिवशी तुम्ही सांगितलेलं मी मुद्दाम दाबलं होतं."

"ठावं हाय," त्या म्हणाल्या. "तवाच तुमचं तोंड वाकडं झालं व्हतं."

"मग साहेबांपुढे स्वतःवर का घेतलंत?"

"आवो, मी म्हातारी. मला दोन शब्द बोलून सायेब इसरला असता. तुमचा भरवसा गेला असता, तर तुमचा कागद फुडं कोन वाचनार? मी काय जलमभर हितं नाय. नदीसाठी कोनीतरी लिवनारा पायजे ना?"

गाडी लागली. मी त्यांचं गाठोडं वर चढवून दिलं. त्या खिडकीशी बसल्या आणि पदराने काच पुसू लागल्या. कुणाचा अपमान स्वतःवर घेऊन इतकं साधं बसणं मला कधी जमणार नव्हतं. लाज वाटली, खूप वाटली. पण खरं सांगतो, त्याही क्षणी आधी वाटला तो हेवाच.