अर्ध्या चमच्याची यॉर्की

धारच्या एका कुत्री विकणाऱ्याने मला फसवलं. भोगावं मात्र लागलं एका वीतभर जिवाला, म्हणून हे लिहितो आहे. गेलेल्या पैशांचं मला काही नाही.

देवासच्या कारखान्यांतून निघालेल्या जळक्या विजेच्या मोटारी विकत घ्यायच्या, त्यांत नव्याने तार भरायची आणि विकायच्या, हे माझं काम. वडिलांनी मागे काही ठेवलं नव्हतं. जे आहे ते भाव करकरून मिळवलेलं. समोरचा ‘भिया, आखरी भाव’ म्हणाला की माझं बोलणं तिथून सुरू होतं. पण हे सगळं मी हिंदीत करतो, डोकं फिरलं तर माळवीत. मराठी आमच्याकडे उंबऱ्याच्या आत असते. आईच्या पूजेत, लग्नाच्या आमंत्रणात, बायकोशी भांडताना. मराठीत मी जन्मात कधी भाव केला नव्हता.

मुलगी नऊ वर्षांची. तिला यॉर्कशायर टेरिअर हवी होती, ती रेशमी केसांची, मांजराएवढी. मांडूहून परतताना आम्ही धारला त्या माणसाच्या घरी थांबलो. पिंजरे स्वच्छ, वर पंखा. मी पिल्लाचे डोळे पाहिले, कान पाहिले, तोंड उघडून दात पाहिले आणि सुरुवात केली, “इत्ती छोटी? बीमार है क्या?”

बायको माझ्या कानाशी म्हणाली, “अहो, गोड आहे हो.” त्याने ते ऐकलं आणि लगेच मराठीत वळला.

“आजारी नाही हो काका. ही टीकप जात, चहाच्या कपात मावणारी. एवढीच राहते. आपल्या माणसांना मी खोटं सांगेन का? आमचे पणजोबा इथे दरबारात कारकून होते. काकू, उभ्या का? बसावं. चहा टाकायला सांगतो.”

बसावं म्हणे! झालं. त्यानंतर मी भाव पाडायला तोंड उघडलं की बायको माझ्याकडे असं बघायची, जसं काही मी देवळात शिवी दिली आहे. मी ढिला पडलो. तरी सवयीने उठताना विचारलं, “वर काय देणार?” त्याने प्लॅस्टिकचा एक छोटा चमचा दिला.

“अर्धा चमचा खाणं, दिवसातून दोनदा. जास्त दिलंत तर वाढेल, मग टीकप कसली? ती मागेल. लक्ष द्यायचं नाही.”

फुकटचा चमचा मिळाला म्हणून मी खूश होऊन गाडीत बसलो.

घरी खाणं मीच मोजायचो. इतर कोणावर माझा भरवसा नव्हता. बायको म्हणायची, “अहो, ती रिकामी वाटी फरशीवर ढकलत फिरते.” मी म्हणायचो, “फिरू दे. लहान आहे म्हणून तर घेतली.” एकदा ‘बाबा, तिला भूक लागलीय’ म्हणत मुलीने फ्रॉकच्या खिशातून पोळीचा तुकडा तिला दिला. मी मुलीवर असा ओरडलो की ती दुपारी जेवली नाही.

बारावा दिवस. सकाळचे दहा वाजले असतील. पिल्लू स्वतःभोवती फिरलं, आडवं पडलं आणि पाय झाडायला लागलं. हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या. मी टॉवेलमध्ये गुंडाळून स्कूटरवरून जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. मुलगी मागे बसली होती. डॉक्टरांनी आधी हिरड्यांना ग्लुकोज चोळलं, सलाईनची सुई लावली, मग विचारलं, “भिया, खाने को क्या देते हो?”

मी बोटाने माप दाखवलं.

“दिन भर में? इसको कोई बीमारी नहीं है. भूखी है ये. टीकप-वीकप कोई नस्ल नहीं होती, भूखे पिल्ले को ये लोग टीकप बोल के टिका देते हैं.”

मुलगी माझ्याकडे न बघता म्हणाली, “मी सांगत होते ना, बाबा.”

पिल्लू वाचलं. आज चांगलं तीन किलोचं आहे. पण महिन्या-दोन महिन्यांनी तसाच झटका येतो. खाताना वाटीवर अंग पसरून थरथरतं, आणि मुलीचा हात जवळ गेला तर दात दाखवतं. जिच्यासाठी आणलं ती वाटी ठेवते आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसते.

मी एकटा धारला गेलो. ओसरीवर धामनोद गावाहून आलेलं एक कुटुंब बसलं होतं, त्यांच्या मांडीवर तसलंच एक पिल्लू. हा विकणारा त्यांच्याशी अस्खलित माळवी बोलत होता आणि तिथेही पणजोबा काढले होते, या वेळी शेतकरी. मी सगळ्यांसमोर सांगितलं, हा माणूस पिल्लं उपाशी ठेवायला लावतो, माझं मरता मरता वाचलं.

“काका, शांत व्हा. घरचीच माणसं आपण. दुसरी घेऊन जा, बदलून देतो.”

बदलून! मोटार आहे का ती?

मग हळूच म्हणाला, “आणि लहान आहे म्हणूनच घेतलीत ना तुम्ही?”

तेवढ्यात धामनोदचे गृहस्थ माझ्यावर हसले. “अरे भिया, तुम भी लेने आए हो क्या? हमारा सौदा मत बिगाड़ो.” त्यांना वाटलं, खोट काढून सौदा मोडायचा आणि पिल्लू आपण घ्यायचं, असा माझा डाव आहे. बाजारात मीही तेच समजलो असतो. ते पिल्लू घेऊन माझ्या डोळ्यांदेखत गेले, आणि मी गाडीचा नंबरसुद्धा पाहिला नाही.

हो, लहान मलाच हवी होती. चमचा माझ्याच हातात होता. हे मी मुलीला समोर बसवून सांगितलं, माफी मागितली. तिने ऐकलं आणि उठून गेली. माझ्या वाट्याचं मी केलं.

आता तू, तो चमचा देणाऱ्या माणसा. देवासला ये. माझ्याशी भांडू नकोस, माझ्या मुलीसमोर बस आणि सांग, ते भुकेलं आहे हे माहीत असून तू त्याला उपाशी ठेवायला का सांगितलंस. आणि धामनोदला गेलेलं ते पिल्लू जिवंत आहे का, तेही सांग.